अंडकोषात दुखतंय, सूज आहे, गाठ लागतेय: मुंबईत कधी, कुठे जायचं आणि काय सांगायचं

केसपेपरच्या खिडकीशी माझा नंबर लागला तेव्हा मागे चाळीसेक माणसं होती आणि अगदी खांद्याला खांदा लावून एक आजी उभ्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "काय होतंय?" मी म्हणालो, "पोटात दुखतंय." त्यांनी मेडिसिनचा पेपर काढून दिला. अडीच तास मेडिसिनच्या रांगेत बसलो. आतल्या तरुण डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी हसू दाबत पेपरावर 'सर्जरी' लिहिलं आणि म्हणाले, "आजची ओपीडी संपली, आता परवा या." पोटाला काहीच झालेलं नव्हतं. उजव्या अंडकोषात पाणी भरलं होतं, दीड वर्षापासून. लिंबाएवढं होतं ते पेरूएवढं होईपर्यंत मी सैल पँट शिवून घेत बसलो होतो.

अवघड जागेच्या दुखण्याच्या म्हणीत निदान जावई तरी डॉक्टर असतो. आपल्याला तोही नसतो. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. माझं ऑपरेशन आणि त्याच्या पुढच्या वर्षी भाच्याचं, या दोन फेऱ्यांत जे कळलं ते लिहितोय. 'हे काय आहे?' हा प्रश्न डॉक्टरांवर सोडा. आपण स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: हे किती वाजल्यापासून आहे?

१. आधी घड्याळ बघा

एका बाजूला अचानक, काही मिनिटांत वाढलेली असह्य कळ, सोबत मळमळ किंवा उलटी, आणि ती गोटी, म्हणजे वृषण, नेहमीपेक्षा वर ओढल्यासारखी किंवा आडवी झालेली. असं असेल तर पुढचं वाचू नका, निघा. वृषण पिशवीत एका दोरीवर लटकलेलं असतं आणि त्याच दोरीतून त्याचा रक्तपुरवठा होतो. पोहऱ्याच्या दोराला पीळ बसावा तसा या दोरीला पीळ बसतो आणि रक्त थांबतं. डॉक्टर याला टॉर्शन म्हणतात. साधारण सहा तासांत पीळ सुटला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. बारा तासांनंतर आशा निम्म्यावर येते, चोवीस तासांनंतर जवळपास काढावंच लागतं. बारा ते अठरा या वयात हे जास्त होतं, पण तान्ह्या बाळाला होतं आणि तिशीतल्या माणसालाही. मार लागायलाच हवा असं नाही. झोपेतही होतं.

माझा भाचा चौदा वर्षांचा. रविवारी पहाटे तीनला कळ येऊन उठला आणि आईला म्हणाला, पोटात दुखतंय. (आमच्या घराण्याचं हे ठरलेलं उत्तर दिसतंय.) ताईने ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. दोन उलट्या झाल्यावर सव्वापाचला मला फोन. मी दहा मिनिटांवर राहतो. खोलीचं दार लावून विचारलं, तेव्हा त्याने चादरीखालीच बोटाने खूण केली. जवळच्या नर्सिंग होममध्ये गेलो तर ऐकायला मिळालं, "सोनोग्राफीवाले नऊला येतील, आज रविवार आहे, तोवर सलाईन लावू." वीस मिनिटं तिथे गेली. मग परळकडे निघालो. सायनला रिक्षा सोडावी लागली, टॅक्सी शोधण्यात आणखी दहा मिनिटं. पाच तासांच्या आत तो ऑपरेशन थिएटरमध्ये होता. सर्जननी नंतर सांगितलं, पीळ सोडवला तेव्हा वृषण जांभळं-काळं होतं. कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कपड्यात गुंडाळून थोडा वेळ वाट पाहिली, तर हळूहळू गुलाबी रंग परत आला. मग ते टाके घालून जागेवर बसवलं आणि दुसऱ्या बाजूचंही बसवलं, कारण एका बाजूला पीळ पडला की दुसरीकडेही पडू शकतो.

यातून मिळालेले धडे, त्या क्रमानेच:

– खायला-प्यायला काही देऊ नका. ओव्याचं पाणीसुद्धा नाही. भूल द्यायची असते.
– शेक नको, मालिश नको, पेनकिलर देऊन सकाळची वाट बघणं नको. गोळीने कळ कमी होते, पीळ तसाच राहतो.
– जिथे त्या क्षणी सर्जन आणि भूलतज्ज्ञ हजर आहेत तिथेच जा. म्हणजे मोठं रुग्णालय, थेट कॅज्युअल्टी. लक्षणं स्पष्ट असतील तर सर्जन सोनोग्राफीसाठी न थांबताही नेतात.
– रिक्षा सायन आणि वांद्र्याच्या पुढे शहरात येत नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि पहाटे आठवत नाही. शहरात जायचं असेल तर घरापासूनच टॅक्सी करा, नाहीतर १०८ ला फोन करा.
– मूल अठराच्या आतलं असेल तर संमतीपत्रावर सही करायला आई किंवा वडील सोबत हवेत. मामाची सही चालेल असं धरून चालू नका.

त्याच घाईने निघावं असे आणखी तीन प्रसंग: मधुमेह असलेल्या माणसाची तिथली कातडी काळी पडू लागली, दुर्गंधी येतेय, ताप आहे; जांघेतून उतरलेला हर्निया आत जात नाहीये आणि उलट्या होतायत; चेंडू किंवा लाथ लागल्यावर सूज तासातासाला वाढतेय.

बाकी सगळ्याला, म्हणजे दिवसांनी किंवा महिन्यांनी वाढणाऱ्या सुजेला, गाठीला, जडपणाला, ओपीडीची वेळ पुरते. पुरते म्हणजे पुढच्या आठवड्याची. पुढच्या दिवाळीची नाही.

२. आंघोळीनंतर दोन मिनिटं

गरम पाण्याने आंघोळ केल्यावर पिशवी सैल पडते, तेव्हा तपासा. एकेक गोटी अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच फिरवा. उकडून सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत लागलं पाहिजे. मागच्या-वरच्या बाजूला एक मऊ, वेटोळं पडल्यासारखा भाग लागतो. ती गाठ नव्हे, तिथे शुक्रजंतू साठतात. अर्ध्या लोकांची झोप या भागानेच उडते. एक बाजू थोडी मोठी, डावी थोडी खाली, हेही नेहमीचंच.

मग उभं राहून बघा आणि आडवं पडून बघा. उभं असताना डाव्या बाजूला गांडुळांची पुरचुंडी असावी तसं लागतं आणि आडवं पडल्यावर ते नाहीसं होतं, तर बहुधा शिरा फुगल्या आहेत, म्हणजे व्हेरिकोसील. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना ते असतं आणि बहुतेकांना डावीकडेच. फक्त उजवीकडे असेल, किंवा आडवं पडूनही जात नसेल, तर पोटाची सोनोग्राफीही करून घ्यावी लागते. सूज जांघेतून खाली उतरते, खोकल्यावर बोटाला धक्का देते आणि झोपल्यावर आत जाते, तर हर्निया, म्हणजे अंतर्गळ. सुजेच्या वरच्या टोकापर्यंत बोट पोचतं, वर दोरी मोकळी लागते आणि सूज दुखत नाही, तर पाणी भरल्याची शक्यता, म्हणजे हायड्रोसील. अंधारात मोबाइलचा टॉर्च मागून लावला तर पाण्यातून लालसर उजेड दिसतो. मी बाथरूममध्ये हा प्रयोग केला तेव्हा बायकोने दार वाजवून विचारलं होतं, लाइट का बंद केलाय म्हणून. पण टॉर्चवर निकाल लावू नका. लहान बाळाच्या हर्नियातूनही उजेड जातो, आणि पाण्याच्या आड गाठ लपलेली असू शकते.

वृषणातच, दगडासारखी, न दुखणारी गाठ लागली तर मात्र 'दुखत नाही म्हणजे काही नाही' हा हिशेब उलटा करा. पंधरा ते चाळीस या वयात वृषणाचा कॅन्सर असाच सुरू होतो. लवकर सापडला तर शंभरातले ९५हून अधिक बरे होतात. लहानपणी ज्याचं वृषण खाली उतरलं नव्हतं, त्याला धोका जास्त.

३. कुठल्या दारात

साधी शंका असेल तर 'आपला दवाखाना' किंवा नेहमीचे फॅमिली डॉक्टर चालतील. अट एकच, डॉक्टरांनी हात लावून तपासलं पाहिजे. माझ्या जुन्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या होत्या. पँट उतरवायला न सांगता दिलेलं औषध घेऊ नका.

मोठ्या माणसासाठी सर्जरीची ओपीडी, किंवा असेल तिथे युरोलॉजीची, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या अवयवांच्या विभागाची. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची रुग्णालयं आणि सरकारी जेजे, या ठिकाणी सर्जरीची सोय आहे, बहुतेक ठिकाणी युरोलॉजीचीही, पण युरोलॉजीचे वार ठरलेले असतात. आदल्या दिवशी विचारून घ्या. लहान मुलासाठी पीडियाट्रिक सर्जरी. परळचं वाडिया रुग्णालय लहान मुलांचंच आहे. पक्क्या संशयाची गाठ असेल तर टाटा मेमोरियल. केईएम, वाडिया आणि टाटा ही तिन्ही परळला एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवलं तरी हातपाय गाळू नका. लघवीला जळजळ, लिंगातून पू, किंवा नव्या जोडीदाराशी संबंध आल्यावर सुरू झालेलं दुखणं असेल तर सरकारी रुग्णालयांतली 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. औषध फुकट मिळतं आणि वाकड्या नजरेने कुणी बघत नाही.

एक दार कायमचं बंद ठेवा. लोकलच्या डब्यात आणि स्टेशनच्या मुतारीत चिकटवलेले 'गुप्तरोग, शंभर टक्के इलाज' वाले कागद. माझ्या ऑफिसातल्या एकाने अशा ठिकाणी साडेअकरा हजार घालवले. त्याला झालं होतं साधं व्हेरिकोसील, आणि त्याला बहुधा काहीच करायची गरज नव्हती.

४. पिशवीत काय हवं

– आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.
– जुने केसपेपर, सोनोग्राफीच्या फिल्म आणि रिपोर्ट.
– चालू औषधांची पानं. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेहाचं औषध असेल तर ते आठवणीने सांगा.
– सुट्टे पैसे, पाण्याची बाटली, पेन.
– सैल पायजमा. घट्ट जीन्स घालून पडद्याआड उड्या मारायची वेळ येते.

५. खिडकीवर आणि पडद्याआड

खिडकीवर रोग सांगायची गरजच नाही, हे मला फार उशिरा कळलं. "सर्जरीचा पेपर द्या" एवढंच म्हणा. लहान मूल असेल तर "पीडियाट्रिक सर्जरी". चार माणसांत याहून जास्त बोलावं लागत नाही.

डॉक्टरांपुढे मात्र सुरुवातीलाच, एका दमात: "उजव्या अंडकोषात सूज आहे, दीड वर्षापासून, दुखत नाही, ताप नाही, लघवीला त्रास नाही." कुठली बाजू, कधीपासून, दुखतं का, ताप, लघवी. ही पाच उत्तरं घरून तयार करून न्या. लहानपणी वृषण उतरलं नव्हतं, गालगुंड झाले होते, टीबी होता, मूल होत नाहीये, यातलं काही असेल तर तेही सांगा. गालगुंड झाल्यावर आठवडाभरात वयात आलेल्या मुलांच्या वृषणाला सूज येऊ शकते.

तपासणी उभं राहून आणि झोपून, दोन्ही प्रकारे होते. मला तपासणारी रेसिडेंट जेमतेम पंचविशीची मुलगी होती. मी घुटमळलो तेव्हा ती म्हणाली, "काका, सकाळपासूनचे तुम्ही अकरावे आहात. लवकर उरका, मला पण जेवायचंय." माझी लाज तिथेच संपली. अगदीच अवघड वाटलं तर पुरुष डॉक्टर मागता येतो. विद्यार्थ्यांचा घोळका नको असेल तर तसंही सांगता येतं.

६. तपासण्या आणि रिपोर्टातले शब्द

पहिली तपासणी बहुतेक वेळा पिशवीची डॉपलर सोनोग्राफी. गोटीत रक्त नीट वाहतंय का, गाठ आतली की बाहेरची, शिरा किती फुगल्यात, हे सगळं त्यात दिसतं. दुखत नाही, फक्त जेल थंडगार असतं. सोबत लघवीची तपासणी आणि कल्चर. मूल होत नसेल तर वीर्य तपासणी: आधी दोन ते सात दिवस संबंध नको, नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा आणि एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही. दुसऱ्यांदा करायला सांगतातच.

रिपोर्टमध्ये 'माइल्ड हायड्रोसील' किंवा 'एपिडिडायमल सिस्ट' वाचून घाबरू नका. थोडं पाणी आणि छोट्या पाण्याच्या गाठी कित्येकांना असतात आणि त्रास नसेल तर तशाच सोडतात. 'इंट्राटेस्टिक्युलर सॉलिड', म्हणजे वृषणाच्या आतली घट्ट गाठ, असे शब्द दिसले तर मात्र त्याच आठवड्यात युरोलॉजिस्ट. तेव्हा एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या होतात. अशा गाठीत पिशवीतून सुई घालून तुकडा काढत नाहीत. ऑपरेशनही जांघेतून करतात, म्हणजे रोग वेगळ्या वाटेने पसरत नाही. कुणी 'आधी सुई घालून बघू' म्हणालं तर दुसरं मत घ्या. आणि ऑपरेशन, किमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. नंतर ही संधी मिळेलच असं नाही.

७. उपचार, थोडक्यात आणि माझ्या मतांसह

जंतुसंसर्गाने आलेली सूज एक-दोन दिवसांत वाढते. ताप येतो, लघवीला जळजळ होते. दहा-चौदा दिवसांचं अँटिबायोटिक असतं, ते पुरं करायचं. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. आडवं पडताना खाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पिशवी उचलून धरायची. दुकानातला सपोर्टर चांगला, पण आजोबांचा लंगोट तेच काम करतो, आणि मला विचाराल तर जास्त नीट. दुखणं गेल्यावरही कडकपणा काही आठवडे राहतो. संबंधातून लागण झाली असेल तर जोडीदारानेही औषध घ्यायचं, नाहीतर आगगाडी गोल फिरत राहते. औषध घेऊनही सूज हटत नसेल तर टीबीची शंका घेतात. आपल्याकडे ती घ्यावीच लागते.

व्हेरिकोसील दुखत नसेल आणि वीर्य रिपोर्ट ठीक असेल तर सहसा सोडून देतात. मुलगा वाढीच्या वयात असेल आणि त्या बाजूची गोटी लहान राहत असेल, तर दाखवत राहायचं.

बाळाचं वृषण उतरलं नसेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट बघतात. पुढे ते आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी. ऑपरेशन साधारण दीड वर्षाच्या आत व्हायला हवं. 'मोठा झाला की उतरेल' असं म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. तिला नमस्कार करून बाळाला घेऊन जा.

खाज हा मुंबईच्या पावसाळ्याचा प्रसाद. ओल्या कपड्यांत लोकलचा दीड तास, मग नायटा. मेडिकलवाल्याकडून 'ते नेहमीचं क्रीम' घेऊ नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून पसरतो. त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा.

आणि माझं हायड्रोसील. विदर्भ किंवा कोकणाच्या काही भागांतून आलेल्यांनी डॉक्टरांना गाव आवर्जून सांगावं, कारण हत्तीरोगाचे जंतू डासांमार्फत शिरतात आणि वर्षांनी असं पाणी भरतं. त्यासाठी रक्ताचा नमुना रात्री घ्यावा लागतो. रक्तात ते जंतू रात्रीच दिसतात. माझा नमुना कोरा निघाला. 'सुईने पाणी काढून द्या' म्हणून मी डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. ते म्हणाले, काढलेलं पाणी परत भरतं आणि सुईतून जंतू गेला तर वाईट. ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

८. ऑपरेशननंतर

पिशवी ऑपरेशनआधीपेक्षा मोठी दिसते. घाबरून परत धावू नका, ही सूज आठवड्यांनी उतरते. ताप, पू, किंवा झपाट्याने वाढणारी घट्ट सूज असेल तर धावा.

वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं होतं, "दोन आठवडे गाडीला लटकायचं नाही बरं का दादा." मी नवव्या दिवशी ८:१२ची फास्ट पकडली. कुर्ल्याला उतरताना मागच्याच्या बॅगेचा कोपरा नेमका तिथे बसला. संध्याकाळपर्यंत पिशवी वांग्यासारखी जांभळी झाली. आत रक्त साकळलं होतं. आणखी तीन आठवडे घरी. सुट्टीचा अर्ज पहिल्यांदाच तीन आठवड्यांचा द्या. साहेबांना कारण 'हर्नियासारखं छोटं ऑपरेशन' एवढं पुरतं. टाके, जड उचलणं, संबंध, सायकल, मोटारसायकल कधी सुरू करायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. तोंडी सांगितलेलं लिफ्टमध्येच विसरतं.

९. घरातल्या मुलग्यांना शब्द द्या

भाचा घरी आल्यावर चौथ्या दिवशी बोलला. त्या रविवारच्या आधी दोनदा तशीच कळ आली होती. एकदा शाळेत, एकदा खाली क्रिकेट खेळताना. दहा-पंधरा मिनिटांत थांबली. पीळ बसून आपोआप सुटतो, असं होतं, आणि असं झालं तरी लगेच दाखवायचं असतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "मामा, सांगायचं होतं. पण आईसमोर काय म्हणायचं तेच कळेना. शाळेच्या पुस्तकात 'वृषण' आहे. ते म्हटलं तर ती हसली असती. मित्रांत म्हणतात ते म्हटलं असतं तर मारलं असतं."

ताई तिथेच मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "गोटी म्हण. गोटी दुखतेय म्हण, मी उठते."